मिनिटभर शांतता

१

ताई घरी यायची तेव्हा आधी घराला कळायचं, मग मला. लिफ्टचं दार ती आपटायची, किल्ल्यांचा जुडगा दारावर वाजवायची, पिशवी खुर्चीवर ठेवायच्या ऐवजी टाकायची आणि चपला काढता काढता शाळेतलं काहीतरी सांगायला लागायची. ऐकायला समोर कोणी आहे की नाही हे ती नंतर बघायची. घरात घालायच्या सपाता तिला मोठ्या होत्या, त्या या खोलीतून त्या खोलीत फट फट वाजत फिरायच्या. ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची. बाईंनी आपल्या वर्गाला गप्प बसवलं की शेजारचे दोन वर्गही गप्प बसतात, असं तिच्या शाळेत म्हणायचे.

मी तिच्या बरोबर उलटा. लहानपणी मी बोलायचोच नाही म्हणून तिने माझं नाव गप्पू ठेवलं, ते चिकटलंच. ती खुर्च्यांवर उशा बसवून शाळा भरवायची. हजेरीत उशांची नावं आधी, माझं सगळ्यांत शेवटी. मी तोंड उघडायचो नाही म्हणून ती माझं नाव दोनदा घ्यायची, आणि दुसऱ्या वेळी मी 'हजर बाई' म्हटलं की टाळ्या. ती सवय तिच्या खऱ्या वर्गातही राहिली. नाव दोनदा घेतल्याशिवाय तिने कधी कोणाला गैरहजर लावलं नाही. "एखादं पोर पेंगत असतं," ती म्हणायची. "त्याला दुसरी संधी नको?"

माझा धंदा ऐकण्याचा. मुलाखती, माहितीपट, जाहिराती यांचा आवाज मी साफ करतो. कोणाचा खोकला काढ, कोणाच्या वाक्यामागून गेलेला ट्रक पुस. दिवसभर कानांवर हेडफोन घालून बंद खोलीत बसायचं आणि संध्याकाळी ताईचा दंगा ऐकायचा. आईवडील गेल्यापासून आम्ही दोघंच होतो. लग्न तिने केलं नाही आणि माझं टिकलं नाही.

घरात सामान बेताचं, पण एक भिंत पूर्ण गाण्यांची होती. कॅसेटी, तबकड्या, सीड्या, सगळ्या विकत घेतलेल्या. तो ताईचा नियम. तिने शाळेत असताना खाऊचे पैसे साठवून आमच्या लाडक्या बँडची पहिली कॅसेट आणली होती. पुढची मी मित्राकडून फुकटात उतरवून आणली, तेव्हा तिने त्या कॅसेटची सगळी टेप बाहेर ओढून माझ्या गळ्यात घातली. "फुकटचं गाणं कानाला बाधतं," ती म्हणाली. ही म्हण तिची स्वतःची, पुस्तकात शोधू नका. मी मात्र ती जन्मभर लोकांशी भांडताना वापरत आलो.

२

भांडायला जागाही होती. त्या बँडच्या जुन्या चाहत्यांचा फोनवर एक गट आहे. बँडच्या गायकाला आम्ही सगळे घोगऱ्या म्हणतो. अख्खी हयात बँडबरोबर काढून तो बाहेर पडला आणि त्याने एकट्याचा पहिला अल्बम जाहीर केला. दोन गाणी आधी ऐकायला सोडली होती. त्यावरून गटात लगेच दोन तट पडले.

"बादलीत तोंड घालून गातोय," डब्याने लिहिलं. हा फ्रीज दुरुस्त करतो. कुठलाही नवा अल्बम आला की 'डबा आहे' हाच त्याचा पहिला अभिप्राय, म्हणून त्याचं नाव डबा. "बँडशिवाय हा म्हणजे पत्तीशिवाय चहा."

"मला आवडला," सिस्टरने लिहिलं. ही मोठ्या इस्पितळात परिचारिका आहे. "पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी सांगतोय. इतकी वर्षं गिटारवाल्यांनी बोलू कुठे दिलं त्याला?"

मग किमतीचा वाद निघाला. अल्बमच्या पानावर किंमत नव्हतीच. तिथे लिहिलं होतं: पैसे नकोत. आपल्या घरातली मिनिटभर शांतता ध्वनिमुद्रित करून पाठवा. अल्बम तुमचा.

"शांतता?" डब्याने लिहिलं. "माझ्या घरात असती तर मीच नसती का वापरली? मी आपला कोणाकडून तरी उतरवून घेतो. फुकट ते पौष्टिक."

मला असल्या वेळी राहवत नाही. मी लांबलचक लिहिलं. गाणं करायला माणसाची हाडं झिजतात, त्याचं मोल द्यावं. माणूस पैसे मागो नाहीतर शांतता मागो, मागितलेलं देऊन मगच ऐकावं, वगैरे. डब्याने उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र टाकलं.

सिस्टरने तिची शांतता देऊनही टाकली होती. "वॉर्डच्या बाजूला चादरी ठेवायची खोली आहे. मी घरी असते त्याहून जास्त तिथेच असते. फोन आत ठेवला, दार ओढून घेतलं आणि चहा पिऊन आले."

मी हसलो. शांतता अशी घेतात होय?

३

आमच्या धंद्यात तिला रूमटोन म्हणतात. कुठेही मुलाखत झाली की शेवटी सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं आणि नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. बोलण्यात कापाकापी केली की मधल्या फटी त्याच खोलीच्या शांततेने बुजवाव्या लागतात, नाहीतर ठिगळ कानाला कळतं. यातला पहिला नियम असा की कोणीही उठून जायचं नाही. ज्यांची खोली, ते तिथेच बसलेले हवेत. माणूस बाहेर गेला की खोली बदलते, हे कानाला लगेच समजतं. आवाज घेणारा मात्र त्या मिनिटात श्वास घेत नाही. माइक त्याच्याच हाताशी असतो, त्याचा श्वास सगळ्यांत मोठा येईल. ते इतकं माझ्या अंगवळणी पडलंय की लाल दिवा लागला की माझी छाती आपोआप थांबते.

रविवारी सकाळी मी कामाचं यंत्र घरी आणलं आणि ताईला टेबलाशी बसवलं.

"मी काय करू?" तिने विचारलं.

"काही नाही. बस आणि श्वास घे."

"ते मी रोज करते. त्याबद्दल कोणी गाणी देत नाही."

"आज देतोय."

"मला बाहेर पाठव ना त्यापेक्षा. मी असले की काहीतरी वाजणारच."

"तू नसलीस तर ती आपल्या घराची शांतता होणारच नाही," मी म्हणालो. हे मी तिला खूश करायला म्हटलं नव्हतं. नियमच तसा आहे.

लाल दिवा लागला. मी श्वास धरला. कानात फ्रीजची घरघर आली, भिंतीतल्या नळातून वरच्या मजल्याचं पाणी उतरलं, ताईच्या नाकातली बारीक शीळ आली, तिचा गुडघा एकदा कटकन वाजला. हसू दाबताना तिचा श्वास मधेच अडखळला. मिनिट सरलं. मी यातलं काहीही पुसलं नाही. इतकी खरी खोली मी कधी मुद्रित केली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान वाटला.

अल्बम ताबडतोब आला. आम्ही दोघांनी तो सरळ बसून ऐकला. "म्हातारा झाला," ताई म्हणाली, "पण खोटं गात नाही." आणि कपबशा घेऊन फट फट करत आत गेली.

४

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी गॅसपाशी सूप ढवळत उभा होतो. मीठ घ्यायला वळलो तर ताई दारात. खांद्यावर पिशवी, हातात किल्ल्या.

"कधी आलीस?"

"मघाशीच. हाकसुद्धा मारली तुला."

"नाही ऐकू आली."

"लोकांकडून ऐकण्याचे पैसे घेतोस ना रे?"

मी हसलो. दिवसभर एका गिरणीच्या माहितीपटावर काम केलं होतं, कान थकले असतील. पण जेवताना ते माझ्या मनातून जाईना. लिफ्टचं दार, किल्ल्या, पिशवी, चपला. एखादी गोष्ट निसटेल. सगळ्या कशा निसटतील?

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कानोसा घेऊन बसलो. गॅलरीतून ती इमारतीत शिरताना दिसली. मी दाराकडे तोंड करून बसलो. लिफ्ट वर आली, तिची मोटर ऐकू आली. मग काहीच नाही, आणि दार उघडून ताई आत आली. पिशवी तिने खुर्चीवर टाकली. वह्यांनी भरलेली ती पिशवी खुर्चीत बसली, खुर्ची जराशी हलली.

"असा काय बघतोस?" ती म्हणाली. हे मात्र ऐकू आलं. नेहमीपेक्षा जरा लांबून आल्यासारखं.

५

गटात डब्याने लिहिलं होतं: "अल्बम मिळाला. कोणाकडून ते विचारू नये. आणि शब्द मागे घेतो, डबा नाही."

हे आजवर घडलं नव्हतं. सगळ्यांनी त्याला धारेवर धरलं.

"अरे, ती बाईच काय आहे," त्याने लिहिलं. "तिसऱ्या गाण्यात मागे सपाता वाजवत येते. किल्ल्या टाकते. घोगऱ्या पुढे गातोय आणि ही मागे आपली घरात वावरतेय. काय डोकं चालवलंय लेकाने."

"कसली बाई?" सिस्टरने विचारलं.

वाद पेटला. ज्यांनी शांतता देऊन अल्बम घेतला होता त्यांच्यापैकी एकालाही बाई ऐकू येत नव्हती. ज्यांनी उतरवून घेतला होता त्या सगळ्यांना येत होती. "म्हणजे मोल देणाऱ्याला कमी आणि चोराला जास्त?" कोणीतरी चिडून लिहिलं. "चोराला नेहमीच जास्त मिळतं," डब्याने लिहिलं. "म्हणून तर माणसं चोर होतात."

मी माझी प्रत लावली. तिसरं गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. घोगऱ्या गात होता आणि त्याच्यामागे काहीही नव्हतं. खोलीसुद्धा नव्हती.

तेवढ्यात सिस्टरने लिहिलं. "हसू नका. ती चादरींची खोली. काल तिथे माझ्या हातून लोखंडी ट्रे पडला. वाजला नाही."

"चादरींवर पडला असेल," कोणीतरी लिहिलं.

"फरशीवर पडला."

मी फोन उपडा ठेवला. ताई स्वयंपाकघरात वरच्या फळीवरून पातेलं काढत होती. त्यावरचं झाकण निसटलं, जमिनीवर आपटलं, कडेवर उभं राहून घरंगळत माझ्यापर्यंत आलं आणि माझ्या पायाशी गरगरत आडवं झालं. मी ते उचललं. चांगलं जड झाकण होतं. माझ्या हातून मी ते परत खाली टाकलं तेव्हा शेजारी दचकतील एवढा आवाज झाला.

६

माझी बुद्धी तशी सहजासहजी शरण जात नाही. आधी मी दोष स्वतःकडे घेतला. कामाच्या ठिकाणी कान तपासले, बारीकात बारीक आणि खोलात खोल सूर लावून पाहिले, सगळे चोख ऐकू आले. मग वाटलं, माणसाचं मन एखादा नेहमीचा आवाज गाळून टाकतं, घड्याळाची टिकटिक आपण गाळतो तसं. ताईचा आवाज माझ्या मनाने गाळला असेल. तसं असेल तर यंत्राला विचारावं, यंत्राला मन नसतं.

टेबलावर यंत्र मांडलं. मी टाळी वाजवली, यंत्रावरचा आवाज दाखवणारा काटा उडाला.

"आता तू वाजव."

ताईने टाळी वाजवली. काटा पडून राहिला. तिने पुन्हा वाजवली, तळहात लाल होईपर्यंत. काटा हलला नाही.

"काय झालं?" तिने विचारलं. बंद दारापलीकडून विचारावं तसं ते मला ऐकू आलं, आणि काट्याला तेवढंही नाही.

"बॅटरी गेली," मी म्हणालो.

७

शाळेने तिला रजा घ्यायला लावली. वर्गातली पोरं रडायला लागली होती. बाई तोंड हलवतात आणि बोलत नाहीत, असं ती घरी जाऊन सांगत. मुख्याध्यापिका भल्या बाई, त्या म्हणाल्या, घसा बसलाय, आराम करा.

डॉक्टरने घसा पाहिला. घशाला काही झालं नव्हतं. मग त्याने नळी कानाला लावून तिच्या छातीवर ठेवली. थोडी वर सरकवली, थोडी डावीकडे. नळी काढून तिच्यावर टिचकी मारून पाहिली आणि पुन्हा ठेवली. मग त्याने खणातून दुसरी काढली. ताई त्याच्याकडे बघत होती, मी ताईकडे. शेवटी त्याने तिचं मनगट धरलं, नाडी लागल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "या नळ्या हल्ली फार वाईट येतात," तो म्हणाला आणि घाईघाईने घसा धुवायचं औषध लिहून दिलं.

घरी आल्यावर तिने शाळेच्या पिशवीतून पाटी काढली. बोलायची खाज जाईना बिचारीची. पहिलंच वाक्य लिहिलं: "माझ्या घशाला आराम, तुझी चैन." मी हसलो. पाटीवर पेन्सिल चालताना दात आंबवणारा जो आवाज होतो, तो होत नव्हता. तिने हाताने पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

"गप्पू, मला माझा आवाज येत नाही."

मी तिचे हात हातात घेतले. गरम होते. मग मी तिला सगळं सांगितलं, झाकण, टाळी, डबा, ती बाई. ती ऐकत राहिली, वर्गात नवीन पोर आपली तक्रार सांगतं तेव्हा ऐकायची तशी. मी अल्बमवाल्यांना लिहिलं की आमची शांतता परत द्या, अल्बम तुमचा तुम्हाला राहू दे. लगेच उत्तर आलं. "तुमचं मोल पोचलं. आभारी आहोत." मी पुन्हा लिहिलं, शिव्या घालून लिहिलं, पाया पडून लिहिलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर, शब्दाला शब्द.

८

डब्याचं दुकान म्हणजे पोटं उघडलेले फ्रीज आणि त्यांच्यामध्ये बसायला एक स्टूल. भर दुपारी मी तिथे गेलो.

"धर्मराज आले," तो म्हणाला. "फुकटचं ऐकायला?"

"ऐकव."

माझा चेहरा बघून त्याने पुढे थट्टा केली नाही. हेडफोन दिले आणि तिसरं गाणं लावलं.

घोगऱ्याच्या आवाजामागून सपाता आल्या. फट फट, उजवीकडून डावीकडे. किल्ल्या पडल्या. पिशवी आपटली. मग ती बोलायला लागली, स्वच्छ, मोठ्याने, माझी ताई. पाचव्या बाकावरचं पोर खोडरबर गिळून बसलं होतं आणि त्याची आई तिलाच रागवून गेली होती. गेल्या आठवड्यात जेवताना तिने हातवारे करत मला काहीतरी लांबलचक सांगितलं होतं आणि मी ऐकू आल्यासारखी मान डोलावली होती, ते हे. त्या पोराच्या आईची नक्कल करताना ती स्वतःच हसली.

मला रडू फुटलं. किती दिवसांनी ती हसलेली ऐकली. भीती, राग सगळं बाजूला राहिलं आणि मला नुसता आनंद झाला, हे मी लपवत नाही. डबा बाजूला उभा राहून पाना पुसत होता.

"रोज थोडं थोडं वाढतंय," तो म्हणाला. "एकदा घेतलेली प्रत, ती कशी वाढेल? पण वाढतेय. शेवटच्या गाण्यानंतर आता ही हजेरी घेते, पोरांची. तुझ्या ओळखीची आहे का कोणी?"

"मला एक प्रत दे," मी म्हणालो.

"तू? फुकट?"

"दे म्हटलं ना."

९

"मी तिथे काय बोलते?" ताईने पाटीवर विचारलं.

मी तिला खोडरबराची गोष्ट परत सांगितली. ती खूश झाली. "म्हणजे वाया नाही गेलं," तिने लिहिलं. मग ते पुसून तिने विचारलं:

"तिथे आणखी कोण आहे?"

"कोणी नाही. घोगऱ्या गातो तेवढाच."

तिने मान हलवली आणि एकच शब्द लिहिला. "आहे."

कोण, हे तिने लिहिलं नाही. मी खोदून विचारलं तर पाटी पुसून टाकली.

दुपारभर मी भिंतीवरच्या कॅसेटींकडे बघत बसलो. तिने आणलेली ती पहिली कॅसेट अजून तिथे होती. माझं ठरलं. सिस्टरने रिकामी खोली दिली, तिच्या खोलीचा आवाज गेला; मी ताईला बसवलं, ताईचा गेला; त्या मिनिटात मी श्वास घेतला असता तर आज ती जिथे होती तिथे मीही असतो. ते कुठे आहे ते मला माहीत नव्हतं, पण तिथे तिला एकटीला, कोणा 'आहे'च्या सोबतीने सोडणं मला जमणार नव्हतं. अल्बमचं पान अजून उघडं होतं. मोल अजून घेत होते.

मी यंत्र टेबलावर मांडलं. ताईने ओळखलं. जोरजोरात मान हलवली, माझा दंड धरून ओढला.

"बस," मी म्हणालो. "नियम आहे. कोणी उठायचं नाही."

ती बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कानांवर हेडफोन घातले आणि डब्याच्या प्रतीतलं शेवटचं गाणं लावलं. जाताना तिचा आवाज कानात असावा, एवढीच इच्छा होती. गाणं संपता संपता मी डोळे मिटले आणि यंत्राची मुद्रणाची कळ दाबली.

छाती सवयीने थांबली.

"मुलांनो, गप्प," ताई म्हणाली.

कानात सगळं गप्प झालं. तिने एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. नावं अनोळखी होती. उत्तरं मोठ्या माणसांची होती. "हजर," एका म्हाताऱ्याचा आवाज, फरशीच्या रिकाम्या खोलीतून. "हजर," कोणी बाई, जवळ घड्याळ चाललेलं. "हजर," नवरा-बायको एकदम, आणि त्यांच्यामागे तान्हं मूल. प्रत्येकजण आपापल्या खोलीसकट उत्तर देत होता. माझा धंदाच तो, आवाजावरून मला खोली कळते, भिंती किती लांब, छत किती उंच. या सगळ्या लहान लहान खोल्या एका मोठ्या जागेत ठेवलेल्या होत्या, आणि त्या जागेच्या भिंती मला कुठेच लागेनात. ताईने अजून कोणालाच गैरहजर लावलं नव्हतं. तिच्या आवाजाआड, माइकच्या अगदी जवळ, आणखी कोणीतरी होतं. ते काही बोलत नव्हतं. घोगरा, ओला श्वास घेत वाट बघत होतं. प्रत्येक 'हजर'नंतर तो श्वास जरा भरून यायचा.

सगळ्यांची नावं झाली. आता माझं राहिलं होतं. माझं नेहमीच शेवटी असतं.

"गप्पू," ताई म्हणाली.

तो श्वास थांबला. मी ओठ उघडले. पहिल्या वेळी मी कधी उत्तर दिलेलं नाही. ती पुन्हा हाक मारेल, तेव्हा म्हणायचं, हे माझ्या हाडात भिनलेलं होतं. मी छाती सैल सोडायच्या बेतात होतो, दुसऱ्या हाकेची वाट बघत.

"गैरहजर," ती म्हणाली. लगेच, एका दमात, तीन वर्ग गप्प करणाऱ्या त्या आवाजात.

मी डोळे उघडले. टेबलावर यंत्राचा लाल दिवा विझलेला होता. बंद करायच्या कळीवर ताईचा अंगठा होता, नख पांढरं पडेपर्यंत दाबलेला. कळ चांगली कडक आहे त्या यंत्राची, दाबली की वाजते. मला काही ऐकू आलं नव्हतं.

हेडफोनमध्येही आता काही नव्हतं. मी ते काढून ठेवले. मग मला धाप लागली, आणि कितीतरी वेळ माझाच श्वास खोलीत वाजत राहिला.

१०

फोन थरथरला. गटात डब्याने लिहिलं होतं.

"शेवटची हजेरी आत्ता कोणी ऐकली का? 'गैरहजर' म्हटल्यावर खट् असा आवाज येतो, कळ दाबल्यासारखा. सकाळी नव्हता. आणि त्यानंतर ती बाई जी रडायला लागते ती थांबतच नाही. पोटातून रडते राव, ऐकवत नाही. एवढं फुकटात कोण देतं?"

खाली कोणी कोणी अंगठ्याची चित्रं टाकली होती.

मी मान वर केली. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, इतकं घर शांत होतं. ताई समोर बसली होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून, आणि तिचे खांदे हलत होते.